डालग्याखालचं शेवाळ

माझ्या नाकावर कायम राग असतो, हे मी आधीच कबूल करते. त्या रागानं माझं पुष्कळ नुकसान केलंय. माणसं तोडली, एक चांगली नोकरी घालवली, आणि दुधाची पातेली किती आपटली ते मोजलंच नाही. पण एकदा त्याच रागापायी आमच्या माण तालुक्यात शेवाळ उगवलं, आणि ती गोष्ट मी अजून मिरवत सांगते.

सातारच्या कॉलेजात मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बहात्तरचा दुष्काळ संपून दोन-तीन वर्षं झाली होती. म्हणजे संपला असं सगळे म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हणत होतो. वनस्पतिशास्त्र शिकवणारे सर सांगलीचे, कृष्णाकाठचे. घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर घसरून पडत लहानाचे मोठे झालेले. त्यांना मॉसचं वेड होतं. मॉस म्हणजे पावसाळ्यात भिंतींवर, कौलांवर जी हिरवी मखमल चढते ती. आपण तिलाही शेवाळच म्हणतो. सर चिडायचे. "शेवाळ पाण्यातलं. हिला खोड आहे, पानं आहेत, हिचा मान वेगळा," असं ते दर तासाला एकदा तरी म्हणत.

सरांचा एक नेम होता. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येकानं फ्युनेरिया नावाचं मॉस जुलैपासून आपापल्या घरी वाढवायचं, त्याची वहीत नोंद ठेवायची आणि फेब्रुवारीत ते बोंडं धरलेलं आणून दाखवायचं. या मॉसला केसासारखी दांडी येते आणि तिच्या टोकाला मोहरीपेक्षा थोडं मोठं, मान लववलेलं बोंड लागतं. भिंतीवरून खरवडून आणलेलं चालत नसे. बोंडं नाहीत, तर प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सरांची सही नाही. आणि सही नाही, तर परीक्षेला बसणं नाही.

सातारच्या मुलांना त्यात काय अवघड होतं? त्यांच्या घरी न लावताही ते उगवत होतं. सर एकेकाच्या हातावर चिमूटभर मॉस ठेवत पुढं येत होते. माझ्यापाशी थांबले. "तू माणची ना? मग तुला सूट. तू आपली इथल्याच भिंतीवरचं आण. तुमच्याकडं कुसळसुद्धा विचार करून उगवतं." वर्ग हसला. सर हे मायेनं म्हणाले होते, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त हसणं ऐकू आलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मला सूट नको सर. मी आमच्या घरीच वाढवीन."

"आणि नाही वाढलं तर?"

"तर सही करू नका."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खाली बसल्याबरोबर मला आठवली वडिलांची अट. ते मुंबईला गिरणीत होते. मला कॉलेजात घालताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती: एक वर्ष जरी वाया गेलं, तरी वह्यापुस्तकं बांधून घरी यायचं, मग पुढचं आम्ही बघू. ते 'पुढचं' म्हणजे काय हे मला पक्कं ठाऊक होतं. ते वडिलांच्याच खोलीत राहत होतं, त्यांच्याच खात्यात कामाला होतं आणि एका बैठकीला आठ भाकरी खात होतं. मला शिकायचं होतं. मला कुणाच्याही आठ भाकरी थापायच्या नव्हत्या.

त्या शनिवारी ओल्या रुमालात चिमूट गुंडाळून मी दहिवडीच्या एस.टी.त बसले. पुसेगाव मागं पडलं तसं हिरवं विरळ झालं आणि वारा सुरू झाला. आमचं गाव दहिवडीच्या पुढं, म्हसवडच्या वाटेवर. आमच्याकडं ढग येतात, पण त्यांना पुढं कुठंतरी जायचं असतं. जुलैत नुसता वारा. वाळत टाकलेलं लुगडं तासाभरात कडकडीत.

घरात आई एकटीच असायची. थोरल्या बहिणीचं लग्न होऊन गेलं होतं. आईनं रुमाल उलगडून बघितला.

"ह्ये काय गं?"

"शेवाळ. वाढवायचंय."

"खायाचं असतंय?"

"न्हाई."

"मग जनावरांला?"

"जनावरांला बी न्हाई. आमचं सर बगनार हायेत."

"बगनार," एवढंच आई म्हणाली. नुसतं बघायला काही वाढवायची आमच्या घरात रीत नव्हती.

मी सगळं सरांनी सांगितल्याप्रमाणं केलं. माती चाळली, थाळीत पसरली, मॉस चुरून तिच्यावर भुरभुरलं आणि थाळी न्हाणीच्या मागं, जिथं सांडपाण्याची थोडी ओल असते तिथं ठेवली. रविवारी परत गेले. पुढच्या शनिवारी आले तर थाळीत कोंबडी. चाळलेली मऊ माती बघून कोंबड्यांनी आठवडाभर तिच्यात अंग घोळून घेतलं होतं. उरलेलं वाऱ्यानं नेलं.

सरांकडं दुसरी चिमूट मागायला गेले तेव्हा कारण सांगावंच लागलं. "कोंबड्या," मी म्हटलं. सर हसले नाहीत, ते मला जास्त लागलं. "सूट अजून आहे," ते म्हणाले. मी चिमूट उचलली आणि पाय आपटत बाहेर आले.

या खेपेला आई चुलीपुढून उठून माझ्याशेजारी येऊन बसली. "तुजं मास्तर म्हनत्यात काय? नीट सांग बगू."

मी सांगितलं. माती कायम ओली पाहिजे. एक दिवससुद्धा सुकता कामा नये. पण वरून पाणी ओतायचं नाही, नाहीतर चुरा वाहून जातो. ऊन नको, उजेड पाहिजे.

"मग घट कसा बसवत्यात, तसं बसव की," आई म्हणाली.

मी बघतच राहिले. नवरात्रात आमच्याकडं मातीच्या पसरट परळात शेतातली माती घालतात, तिच्यात धान्य पेरतात आणि मधोमध पाण्यानं भरलेलं मडकं ठेवतात. मडकं पाझरत राहतं, माती आपोआप ओली राहते आणि नऊ दिवसांत वीतभर अंकुर येतात. हे मी जन्मापासून बघत होते. पण घट देवघरातला आणि मॉस पुस्तकातलं. दोन्ही एकाच डोक्यात असूनही माझ्या डोक्यात त्यांची गाठ पडली नव्हती.

"आगं, पर देवीचा घट..." मी म्हटलं.

"देवीचा न्हवं ह्यो. रीत तेवढी घ्यायची. रीत काय देवीनं कडीकुलपात ठिवलीया?"

ती स्वतः कुंभाराकडं गेली. चार मडकी पाणी भरून ओट्यावर मांडली आणि समोर बसून राहिली. जे सगळ्यांत आधी बाहेरून ओलं झालं, ते घेतलं. परळात चाळलेली माती, मधे ते मडकं, भोवती माझा चुरा. आणि कोंबड्यांचं काय? आमच्याकडं बांबूचं मोठं डालगं होतं, कोंबड्या झाकायचं. आईनं ते परळावर पालथं घातलं. फटींतून उजेड आत जात होता, वारा अडत होता. कोंबड्या मोकळ्या आणि शेवाळ डालग्याखाली. सारी गल्ली बघायला येऊन गेली.

पाणी पाऊण मैलावरच्या विहिरीवरून यायचं. सकाळी दोन घागरी, संध्याकाळी दोन. त्यातला एक तांब्या रोज त्या मडक्यात जाऊ लागला. शेजारची बाई आईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "मानसाच्या नरड्याला पानी न्हाई आन् ही शेवाळाला पाजती." आई म्हणाली, "माज्या वाटनीचं पाजती. तुज्या घागरीला हात लावला का?" आई तशी मऊ बोलायची, पण कधी कधी माझा राग कुठून आला ते कळायचं.

आता अडचण अशी, की मी सातारला हॉस्टेलवर आणि मॉस घरी. जर्नलमधे नोंद वरचेवर पाहिजे. उंटावरून शेळ्या हाकण्यातला प्रकार. आईला लिहिता येत नव्हतं. पण आठवड्यातून दोनदा दहिवडीच्या गाडीनं माझा भाकरीचा डबा यायचा. कंडक्टर तो स्टँडवरच्या खिडकीत ठेवायचा. तेव्हा घराघरांतून पोरांचे डबे तसेच येत. आम्ही ठरवलं की मॉस हिरवं असेल तर भाकरीवर हिरवी मिरची ठेवायची आणि काही बिघडलं तर लाल. मी डबा उघडायची ती भुकेनं नव्हे. सुरुवातीला नुसती भाकरी आली, मिरचीच नाही; म्हणजे अजून काही दिसत नव्हतं. गौरी-गणपती झाल्यावर एके दिवशी टाचणीएवढी कोवळी हिरवी मिरची आली आणि मी हॉस्टेलच्या जिन्यात उडी मारली. मग दर डब्यात हिरवी मिरची. मी जर्नलमधे रुबाबात इंग्रजीतून लिहीत होते की वाढ समाधानकारक आहे.

नवरात्रातल्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी डब्यात लाल मिरची निघाली.

मी दुसऱ्या दिवशीचे तास बुडवून घर गाठलं. डालगं उचललं. परळात सगळीकडं राख. चुलीतली पांढरी राख, ओंजळीनं टाकलेली. खाली कुठंतरी हिरवट काहीतरी दबलेलं दिसत होतं.

झालं होतं असं. घरात देवीचे घट बसले होते. आई रोज त्यांना नैवेद्य दाखवायची. आणि परसातलं हे मडकं, हे परळ, हे सगळं इतकं घटासारखं होतं की तिचा हात राहीना. तिनं त्याच्यापुढंही रोज गुळाचा खडा ठेवला. गुळाला मुंग्या आल्या. मुंग्यांनी माती उकरायला सुरुवात केली, तशी आईनं मुंग्यांवर जे सगळ्या घरांत टाकतात तेच टाकलं.

"शेवाळाला नैवेद्य?" मी ओरडले. "आन् त्याच्यावर राख? सरांनी साधं शेणखत घालू नगा म्हनून सांगितलंय! माजं वरीस गेलं! तुला काय कळतंय त्यातलं? अडानी ती अडानीच!"

हे मी माझ्या आईला म्हणाले. जिनं वाटणीचं पाणी दिलं तिला.   आईनं डालगं उचललं आणि परत परळावर झाकलं. मग म्हणाली, "पानी मी घालीनच. तुला बगायचं नसंल तर नगं बगू."

दसऱ्याची सुट्टी लागायची होती, तरी मी थांबले नाही. सकाळच्या गाडीनं परत आले. पुढच्या डब्यात हिरवी मिरची. माझी समजूत घालते आहे असं मला वाटलं आणि अजूनच राग आला. त्याच्या पुढच्या डब्यातही हिरवी. मग दोन हिरव्या. मी त्या मिरच्या मैत्रिणींना देऊन टाकायची. जर्नलमधे मात्र काही लिहिलं नाही. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायचं धाडस नव्हतं. पानं कोरी राहिली.

दिवाळीला घरी जावंच लागलं. पिशवी ओट्यावर टाकली आणि परसात गेले. मनाशी म्हटलं, एकदा काय ते बघून टाकू. डालगं उचललं.

परळात माती दिसत नव्हती. राखही दिसत नव्हती. काठापासून काठापर्यंत नुसतं हिरवं, दाट, बोट ठेवलं तर दबून परत वर येणारं. मडक्याच्या पोटावर दोन बोटं चढलेलं. सातारच्या कुठल्याही भिंतीवर मी असं बघितलं नव्हतं. मी उकिडवी बसले आणि एकटीच मोठमोठ्यानं हसायला लागले. इतका आनंद मला नंतर पदवी घेतानाही झाला नाही. आत आई भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला, थोडा वेळ थांबून राहिला आणि परत सुरू झाला. मी आत जाऊन तिला काहीतरी बोलायला हवं होतं. मी नुसतीच पाण्याची घागर घेऊन विहिरीवर गेले.

म्हसवडच्या रथाच्या यात्रेला वडील मुंबईहून आले. त्यांनी डालग्याखाली वाकून बघितलं. "ह्याच्यावर परीक्षा?" ते म्हणाले. "ह्याच्यावर सही, सहीवर परीक्षा," मी सांगितलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं. अट ध्यानात हाय न्हवं?" ध्यानात नसायला काय झालं होतं? हिरवं कितीही दाट असलं तरी बोंडं अजून आलेली नव्हती.

संक्रांतीनंतर घरी गेले तेव्हा आई दारातच उभी होती. "चल लौकर. त्यास्नी कनसं आलीत."

खरंच आली होती. तांबूस दांड्या, केसाएवढ्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला हिरवं बोंड. शेकड्यांनी. आईनं मला आणखी एक सांगितलं. वाळत चाललेल्या दांड्या माना फिरवतात. सकाळी गारवा असला की एका अंगाला, ऊन चढलं की दुसऱ्या अंगाला. "वल्लं बोट लावलं तरी फिरत्यात. म्या लावून बगितलंय."

"वाऱ्यानं हालत असतील," मी शहाणपणानं म्हटलं.

"डालग्याखाली वारा कुठला?" आई म्हणाली. मी विषय बदलला.

फेब्रुवारीतल्या सोमवारी दाखवायचं होतं. शनिवारी जाऊन घेऊन येणार होते, तर सरांनी नेमकं शनिवारी-रविवारी जादा प्रॅक्टिकल ठेवलं. मी कंडक्टरजवळ निरोप धाडला की मडकं रिकामं करून परळ टोपलीत घालून सोमवारच्या पहिल्या गाडीत द्या. सोमवारी स्टँडवर गेले. गाडी लागली. कंडक्टरच्या हातात काहीच नव्हतं. त्याच्यामागून आई उतरली. नऊवारीचा काष्टा, पायांत वहाणा नाहीत आणि छातीशी धरलेलं डालगं, ज्यात मडक्यासकट परळ. ती आयुष्यात पहिल्यांदा सातारला आली होती.

"त्या बाबाच्या हातात द्यायचं व्हय?" ती म्हणाली. "तिकिटं फाडील का ह्येला सांबाळील? म्या तीन तास मांडी हालवली न्हाई."

मी तिला प्रयोगशाळेत नेलं. वर्गातली सगळी आपापल्या थाळ्या घेऊन टेबलांशी उभी होती. काहींच्या थाळ्यांत बोंडं होती, बऱ्याच जणांच्या थाळ्यांत नुसता हिरवा ठिपका. आईनं परळ टेबलावर ठेवलं आणि पदरानं त्याचा काठ पुसला. कुजबुज थांबली. सर भिंग घेऊन वाकले. बराच वेळ वर उठलेच नाहीत.

उठले ते गंभीर चेहऱ्यानं. "मॉस उत्तम आहे," ते मला म्हणाले. "पण हे माणात वाढलेलं नाही. खरं सांग, कुठून उचललं?"

माझी कानशिलं तापली. तोंड उघडणार, तेवढ्यात आई पुढं झाली.

"आवं मास्तर, उचललं म्हंजी? मडकं धरून बगा की."

सरांनी चिमट्यानं मडक्याच्या पोटावरचं मॉस हलकेच ओढलं. ते सुटेना. मातीच्या भाजक्या अंगात त्यानं घट्ट पकड घेतली होती. अशी पकड एका सकाळीत बसत नाही, हे सरांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. आईनं तेवढ्यात टेबलावरच्या पाण्यात बोट बुडवलं आणि वाळलेल्या दांड्यांच्या बुडाला लावलं. दांड्या गर्रकन फिरल्या, बोंडांची तोंडं इकडची तिकडं झाली. टेबलाभोवती मुलं गोळा झाली. मीही आ वासून बघत होते.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" सरांनी विचारलं.

"सांगतंय कोन? रोज बगती मी."

सरांनी जर्नल उघडलं. पानं उलटत गेले आणि थांबले. "आश्विनातली पानं कोरी का?"

आता खरी वेळ आली होती. माझं सगळं वर्ष त्या पानावर अडकलं होतं. पण आईनं जे केलं ते मी केलं असं म्हणायला माझी जीभ वळेना. मी म्हटलं, "सर, त्या दिवसांत मी रागावले होते. मॉसवर राख पडली होती, सगळं गेलं असं मला वाटलं. ते आईनं जगवलं. पाणी तिनं घातलं, राख तिनं टाकली, घटाची रीतही तिचीच. मी फक्त रागावले. तुम्ही सही नाही केली तरी माझं काही म्हणणं नाही."

"म्हननं न्हाई कसं?" आई कडाडली. "गप ऱ्हा! मास्तर, तुमी घरी वाढवा म्हनला व्हता ना? आमच्या घरीच वाढलंय. घरात काय ती येकलीच ऱ्हाती?"

मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. सर मात्र हसले नाहीत. "राख कधी टाकली? किती टाकली?" त्यांनी विचारलं.

"नवरात्रात. मुंग्या झाल्या व्हत्या. दोन ओंजळी आसंल. का वं? चुकलं का?"

सर खुर्चीवर बसले. भिंग टेबलावर ठेवलं. मग वर्गाकडं वळून म्हणाले, "रानात वणवा लागतो, जमीन जळते. तिथं सगळ्यांच्या आधी कोण येतं? हेच मॉस, फ्युनेरिया. जळालेली जमीन, राख त्याला आवडते. पुस्तकात आहे. मी दर वर्षी हे शिकवतो. आणि दर वर्षी तुम्हाला साधी माती चाळायला सांगतो." त्यांनी पेन काढलं आणि माझ्या जर्नलच्या शेवटच्या पानावर सही केली. मला वाटतं, माझ्या तोंडून आवाज निघाला असावा, कारण सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"झाली का पास?" आईनं विचारलं.

"परीक्षेला बसता येईल. पास तिची ती होईल," सर म्हणाले.

"हुईल. ती लय चिडकी हाय. चिडली की करती."

सर त्यावर पहिल्यांदा हसले. मग उठून त्यांनी आपली खुर्ची बाजूला सरकवली. "मावशी, गाडीला वेळ असेल तर जरा थांबा. या पोरांना पहिल्यापासून सगळं सांगा. मडकं कसं निवडलं, पाणी किती, डालगं कशासाठी, सगळं." आणि ते स्वतः जाऊन पहिल्या बाकावर बसले.

आई फळ्यापुढं उभी राहिली. आधी पदर डोक्यावर नीट घेतला. मग परळ जरा पुढं ओढलं आणि एखाद्या सुनेला स्वयंपाक शिकवावा तशी सांगायला लागली. आवाज सगळ्या वर्गाला ऐकू जात होता. कुणाला प्रश्न पडला तर ती त्याच्याकडं वळून उत्तर देत होती, आणि कळलं नाही असं वाटलं तर परत सांगत होती. सातारची ती इस्त्रीच्या कपड्यांतली पोरं खाली मान घालून भराभरा लिहून घेत होती. सरही लिहून घेत होते.

मी भिंतीला टेकून उभी होते. हसू फुटत होतं. सगळ्या वर्गाला ओरडून सांगावंसं वाटत होतं की ही माझी आई आहे. बोलता बोलता आईचं लक्ष माझ्याकडं गेलं. माझे दोन्ही हात रिकामे होते.

"तू बी लिव्ह की गं," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "तुला कुटं येतंय?"

मी वही उघडली आणि लिहायला लागले.